वेलांटीची किल्ली

॥ श्री ॥
भुकूम, १७ नोव्हेंबर २०२५

चि. निरंजन यास सुंदरा आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

आमी हितं खुशाल, तुमीबी तितं खुशाल असाल, असं लिहायची रीत हाय. पण तू खुशाल न्हाईस हे मला कळलंय, म्हणून रीत ऱ्हाऊ दे.

तुझा फोन लागंना म्हणून गौतमीला लावला. ती म्हणाली की त्यांनी फोन बंद करून कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवलाय. बायकू सांगतीय नवऱ्याचा फोन साड्यांखाली हाय, हे काय चांगलं लक्षण न्हाई. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, न्हाईतर मीच येऊन तुझं दार वाजवलं असतं. माझा पोरगा दत्ता रोज लवळ्यावरनं सूसच्या सोसायट्यांत दूध घालायला येतो, त्याच्या हाती हे पत्र देते. उत्तर त्याच्याकडंच दे.

खाटंवर पडून दिसभर टीव्ही बघणं, एवढंच काम हाय. काल सांगत होते की आता यंत्रं माणसाची सगळी कामं करणार. येऊ द्या की! हितं भात झोडायला माणूस मिळंना. त्या यंत्राला आधी आमच्या खाचरात पाठवा, मग हापिसात बसवा. आन फोनवर काय भरायला गेलं की मी यंत्र न्हाई हे मलाच पटवून द्यावं लागतं. चित्रं दाखवत्यात आन म्हणत्यात यातले सिग्नल ओळख. माझं माहेर धरणाच्या अंगाला, सासर भुकूम. सिग्नल मी बघितले कवा?

तर बातमी अशी आली की जिकडंतिकडं लोकांची नावं वाकडी छापून आली. दवाखान्याच्या कागदावर सूर्यकांतचा र्सूयकांत झाला, धर्माजीचा र्धमाजी झाला. मी एवढी हसले की टाका उसवतोय का काय झालं. मग माडीवर भाड्यानं ऱ्हाणारी आरोही आली. ती हिंजवडीला कंपनीत जाती. ती हळूच म्हणाली की आत्याबाई, हा घोळ ज्या प्रोग्रॅममुळं झाला तो तुमच्या निरंजननं केलेला हाय आन सगळीकडनं त्याला शिव्या पडत्यात. हसू तितंच गिळलं.

काय झालंय ते मला समजंल असं लिही. लोभ हाय तेवढा पुरं, पण फोन त्या साड्यांखालनं काढ.

तुझी,
सुंदरा आत्या


सूस, १९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास निरंजनचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. टाका शाबूत आहे ना, हे आधी कळव.

तुला समजेल असं लिहितो. कॉम्प्युटरला इंग्रजीची सवय. एक अक्षर, त्यापुढे दुसरं, झालं काम. आपलं तसं नाही. पहिली वेलांटी उच्चारायची नंतर आणि काढायची आधी. रफार म्हणायचा आधी आणि बसवायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. हे ज्या कॉम्प्युटरला जमत नाही त्याच्यासाठी मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याचं नाव ‘वेलांटी’ ठेवलं, आणि ज्याला हवा त्याने फुकट घ्यावा म्हणून इंटरनेटवर ठेवून दिला. मला वाटलं होतं, एखादी शाळा दाखले छापायला वापरेल.

वापरला सगळ्यांनीच. दवाखाने, बसची तिकिटं, पतपेढ्या. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारावं अशी अटही नव्हती. नोकरी सांभाळून मी शनिवार-रविवार त्याची डागडुजी करत आलो. गेल्या महिन्यात एक दुरुस्ती केली आणि रफार घसरला. चूक माझीच. कळल्याबरोबर त्याच दिवशी सुधारली. पण ज्यांनी इतक्या वर्षांत साधं ‘पोचलं’ म्हटलं नव्हतं ते आता जाब विचारतात. एका मोठ्या कंपनीच्या साहेबाने तर लिहिलं की तुमच्या सेवेबद्दल आम्ही अत्यंत असमाधानी आहोत. सेवा! जणू मी त्यांच्याकडे पगारावर आहे. एकाने मी मराठीचा शत्रू आहे असं लिहिलं, आणि ते लिहिताना शत्रू हा शब्द चुकवला. हसायला हवं होतं, पण आलं नाही. फोन वाजला की छातीत धडधडायचं, म्हणून तो साड्यांखाली गेला.

यात एकच माणूस धावून आला. त्याचं नाव जालिंदर. मूळचा आपल्याकडचा, आता परदेशात असतो म्हणतो. गेले काही महिने तो वेलांटीच्या बारीकसारीक दुरुस्त्या करून पाठवतोय. काम नीटनेटकं, बोलणं गोड, आणि कधी उलटून बोलत नाही. आणखी तिघं जण सारखं लिहितायत की निरंजन थकलाय, त्याने आता वेलांटी जालिंदरकडे सोपवावी. मलाही ते पटलंय. सोपवायची म्हणजे किल्ली द्यायची. ती ज्याच्याकडे असते, तो वेलांटीत हवा तो बदल करू शकतो, आणि तो बदल जिथे जिथे वेलांटी आहे तिथे आपोआप पोचतो. येत्या रविवारी देऊन टाकतो. नुसतं ठरवलं तरी आज दोन घास जास्त गेले, असं गौतमी म्हणाली.

आतोबांना नमस्कार. माया आहे तशीच असू दे, सध्या तिचाच आधार आहे.

तुझा,
निरंजन


॥ श्री ॥
भुकूम, २१ नोव्हेंबर २०२५

चि. निरंजन यास अ. उ. आ. वि. वि.

टाका शाबूत हाय. तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा मोठ्यानं, तुझ्या आतोबांसाठी. ते म्हणाले, देऊन टाक म्हणावं. त्यांच्याकडं वाडीच्या पाण्याच्या व्हॉल्वची किल्ली किती वर्षं होती ते तुला ठावं हाय. पाणी आलं तवा एक माणूस म्हणाला न्हाई की कोंडिबा, पाणी गोड हाय. न्हाई आलं की सगळी वाडी दारात. ज्या दिवशी किल्ली ग्रामपंचायतीत टाकून आले त्या दिवसापासनं त्यांचं अंग भरलं, आता सदऱ्याची बटणं लागत न्हाईत. तवा दे. अजिबात मागं बघू नगंस.

आता माझ्या कामाचं. हा जालिंदर लग्नाचा हाय का? आरोहीची आई माझ्या मागं लागलीय की तुमच्या वळखीत कुणी असंल तर बघा. पोरगी गुणाची, पगार चांगला, फक्त स्वयंपाकघरात गेली की फोन बघून भाजी करती आन फोन सांगंल तेवढंच मीठ घालती. तुझा जालिंदर कामाचा, गोड बोलणारा, आन उलटून बोलत न्हाई म्हणतोस. असा नवरा पेठेत इकत मिळंना! त्याला इचार: गाव कोणचं, मामाचं आडनाव काय, देवक कोणचं. आन एक फोटू माग. माझं नाव सांगून माग म्हंजी तुला लाज वाटायची न्हाई.

पोरीला यातलं काय बोलले न्हाई. आधी पोरगा बघू.

लोभ वाढवायचा का कमी करायचा ते तुझ्या उत्तरावर हाय.

तुझी,
सुंदरा आत्या


सूस, २४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे हात टेकले. जग माझी सालटी काढतंय आणि तू मला स्थळ शोधायला लावतेस. पण खरं सांगू, हे वाचून कित्येक दिवसांनी मोठ्याने हसलो. गौतमी आतून धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

विचारलं बाई तुझ्या जालिंदरला. माझ्या आत्याला तुमच्याबद्दल चौकशी करायची आहे असं सरळ मराठीत लिहिलं. त्याने उत्तर धाडलं की आपल्या आदरणीय आत्याबाईंच्या उत्तम आरोग्यासाठी मी मनःपूर्वक सदिच्छा व्यक्त करतो. सत्काराच्या मानपत्रात असतं तसं. गाव कोणतं त्याला बगल दिली. आणि देवकाबद्दल म्हणाला की देवक येथे जाण्याचा योग अद्याप आलेला नाही, परंतु पुढील वर्षी कुटुंबासह नक्की जाईन.

देवक त्याला प्रेक्षणीय स्थळ वाटलं, आत्या! मी म्हटलं, असू दे. परदेशात वाढलेल्याला कुठलं देवक, आमच्या सोसायटीतल्या पोरांनाही माहीत नसेल. मी त्याला इतकंच सुचवलं की किल्ली देण्याआधी पाच मिनिटं व्हिडिओवर बोलू, म्हणजे आत्यालाही तुमचं तोंड दाखवता येईल. तो म्हणाला की कॅमेरा बिघडलाय. म्हणून किल्ली काल दिली नाही, बुधवारवर टाकली आहे. फोटो आला की पाठवतो.

आपुलकी ठेव, आणि आरोहीच्या आईला घाई करू नकोस म्हणून सांग.

तुझा,
निरंजन


सूस, २७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आत्यांस गौतमीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी लिहिते आहे, कारण निरंजन झोपला आहे. दुपारचं जेवून जो आडवा झाला तो तोंड उघडं टाकून घोरतोय. महिनाभर या माणसाला मी असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. घाबरण्यासारखं काही नाही, सगळं चांगलं झालं आहे, हे आधी लिहिते आणि मग बाकीचं.

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटरवर त्या तिघांची पत्रं आली, एकामागून एक. तिघांचाही सूर एकच, की तुम्ही किल्ली द्यायला उशीर का लावताय, आणि या कामात घरच्या म्हाताऱ्या बायकांच्या चौकशा कशाला आणताय. निरंजन चहा घेत वाचत होता. मला म्हणाला, काय माणसं आहेत, आत्यावर घसरले. आणि मग कप हातात तसाच धरून बसला. म्हणाला की गौतमी, आत्याचं मी फक्त जालिंदरला लिहिलं होतं. या तिघांना कसं कळलं?

मी म्हटलं, त्याने सांगितलं असेल. निरंजन म्हणाला की ते चौघं एकमेकांना ओळखत नाहीत असंच इतके दिवस सांगत आले आहेत.

मग तो उठला आणि जालिंदरने पाठवलेलं सगळं काम पहिल्यापासून वाचायला बसला. जुन्या दुरुस्त्या खरोखरच चांगल्या होत्या. पण शेवटच्या कामात, ज्या फाईलकडे सहसा कुणी पाहत नाही तिच्या पोटात, एक तुकडा दडवलेला सापडला. तो आत गेला असता, तर वेलांटी जिथे जिथे नाव छापते तिथून ते नाव, पत्ता, दवाखान्याचा कागद असेल तर आजारसुद्धा, गुपचूप बाहेर कुठेतरी जाऊ लागला असता. अजून तो तुकडा आत गेला नव्हता. जालिंदरकडे किल्ली असती तर गेला असता.

मी त्याचा फोन कपाटातून काढून दिला. त्याने या क्षेत्रातल्या दोन-तीन जाणत्या लोकांना दाखवलं, त्यांनी तपासून सांगितलं की तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. त्यांनी जाहीर केल्यावर संध्याकाळपर्यंत जालिंदर आणि ते तिघं, चारही खाती गायब. एक माणूस होता की टोळी, कुठला, कळलं नाही आणि बहुधा कळणारही नाही.

‘सेवेबद्दल असमाधानी’ असलेल्या साहेबांचंही पत्र आलं, मनापासून आभार म्हणून. निरंजनने ते मला वाचून दाखवलं आणि पुसून टाकलं. मी ठेवलं असतं.

तुमचा फोटोचा हट्ट नसता तर रविवारीच किल्ली गेली असती. तुम्ही कशासाठी मागितला होता ते आठवलं की मला हसू फुटतं आणि लगेच डोळेही भरतात.

जिव्हाळा असाच असू द्यावा. तो उठला की कढी-भात करणार आहे.

आपली,
गौतमी


॥ श्री ॥
भुकूम, २९ नोव्हेंबर २०२५

चि. निरंजन व चि. सौ. गौतमी यांस अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचलं आन देवापुढं साखर ठेवली. मग उरलेली साखर खाल्ली.

माझं कौतुक नगं. मी तर दे म्हणाले होते, मागं बघू नगंस म्हणाले होते, आन तुझे आतोबाबी म्हणाले होते. आमी दोघांनी मिळून तुला खड्ड्यात घातला असता. मला जावई बघायचा होता, चोर न्हाई. सापडला ते नशीब. एवढं मात्र खरं की माझ्या तब्येतीची एवढी छान चौकशी सख्ख्या भावानंबी केली न्हाई. आरोही म्हणती ते मराठी यंत्राकडनं लिहून घेतलं असणार. असंल. यंत्राला सदिच्छा येत्यात, देवक येत न्हाई.

आरोहीला शेवटी सगळं सांगितलं. आधी चिडली, मग हसून हसून जिन्यावर बसली. म्हणाली की आत्याबाई, माझं एकाशी ठरत आलंय, पिरंगुटला कारखान्यात हाय, कॅमेरा चालू हाय. मंग आधी का न्हाई बोललीस म्हणलं, तर म्हणाली तुमी इचारलंच कुटं?

पण निरंजन, किल्ली अजून तुझ्याच गळ्यात हाय. चोराला दिली न्हाईस ते बरं केलंस. आता एकट्यानं वागवू नगंस. आपल्या वाडीत आता व्हॉल्व तिघं जण मिळून बघत्यात. शिव्याबी तिघांत वाटून जात्यात, एकाच्या वाट्याला लई येत न्हाईत.

लोभ वाढला हाय. मोजायला बसू नगंस.

तुझी,
सुंदरा आत्या


सूस, १४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

फोन चालू आहे, तरी पत्रच लिहितो. सवय झाली, आणि दत्ताही रोज विचारतो की आज काही नाही का.

वेलांटी आता माझ्यासकट पाच जणांची झाली. एक बनारसचा, एक नागपूरची, एक काठमांडूच्या वाचनालयात काम करणाऱ्या बाई, कारण त्यांचीही लिपी हीच, आणि एक गृहस्थ इंदूरचे. सगळ्यांनी व्हिडिओवर तोंडं दाखवली. इंदूरच्या गृहस्थांच्या मागून त्यांची आई दोनदा डोकावून गेली. दोघांनी होकार दिल्याशिवाय कोणताही बदल आत जाणार नाही, मग तो माझा का असेना. शिव्यांची वाटणीही सांगितली. सगळ्यांना मान्य आहे.

आज रविवार. सकाळी गौतमीबरोबर चालत चौकातल्या हॉटेलात मिसळ खायला गेलो. बसतोय तोच फोन वाजला. नेपाळीतली काही नावं बिघडून येतायत अशी कुणाची तरी तक्रार होती. उठावं, घरी जाऊन मशीन उघडावं, असं वाटलं. गौतमीने कांद्याची बशी माझ्याकडे सरकवली.

मिसळ अर्धी झाली तोवर काठमांडूच्या बाईंनी चूक शोधून दुरुस्त केली होती आणि नागपूरचा आणि इंदूरचा होकारही आला होता. मी त्यांची दुरुस्ती वाचली. मी केली असती तिच्यापेक्षा ती नेटकी होती. वाईट वाटतंय का ते जरा वेळ तपासून पाहिलं. नव्हतं वाटत.

पोऱ्याला हाक मारली आणि आणखी दोन पाव मागवले.

तुझा,
निरंजन