समृद्धीचं माहेरचं नाव

रविवार, १६ फेब्रुवारी

चि. अर्पितास,

अन्वरीआपाचा आशीर्वाद. आईंना नमस्कार सांग. तुझा फोन बंद आहे म्हणून चिठ्ठी लिहायला बसले. तुमच्या ईट गावचे श्रीमंतमामा आज नातीला दवाखान्यातून घेऊन घरी चाललेत, त्यांच्या हातानं पाठवते.

दवाखान्यात नेहमीचंच. तुझ्या जागी आलेली पोरगी सलाईन लावताना स्वतःच डोळे मिटून घेते. मी म्हटलं, बाई, शीर तुला दिसायला पाहिजे, देवाला दिसून काय उपयोग? तुलाही सुरुवातीला किती बोलले मी! तू रडायचीस, तोंड धुवायचीस आणि परत वॉर्डात हजर. म्हणून तर तू माझी लाडकी. तोंडावर कधी म्हटलं नाही, डोक्यावर बसली असतीस.

जेवतेस का? गेलीस तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं.

बरं, लिहायचं ते लिहिते. शुक्रवारी सिताबाई आल्या होत्या. माकणीच्या, समृद्धीची आई. एकट्याच.

त्या दिवशी ड्युटीरूममध्ये माझ्या गळ्यात पडून तू जे सांगितलंस, ते डोक्यातून जात नाही. इंजेक्शन शेजारच्या खाटेवरच्या करिश्माचं होतं. तू दारातून "करिश्मा" म्हणून हाक मारलीस आणि समृद्धीनं "व्हय" म्हटलं. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, नुकतंच बाळ झालेलं. सासरच्यांनी लग्नात नाव बदललं, कागदोपत्री समृद्धी झाली, पण आईच्या तोंडी ती करिश्माच होती. अर्धवट झोपेत जन्मापासूनच्या नावानं हाक आली, तर माणूस ओ देणारच. ते औषध चालत नाही असं तिच्या केसपेपरवर लाल शाईनं लिहिलेलं होतं, पण तुझ्या हातात कागद दुसरीचा. आमच्यात लग्नात नाव बदलत नाहीत, तुमच्यात बदलतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी खाटेच्या नंबरानं पुकारू नका, माणसाला नाव असतं, एवढंच तुम्हा पोरींकडून घोकून घेत राहिले.

समृद्धी गेली आणि मोठ्या डॉक्टरांनी "हृदय बंद पडलं" असं लिहून विषय मिटवला. तू म्हणालीस, आपा, कुणाला सांगू नका. मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले होते, एवढं तरी मान.

सिताबाईंना खुर्ची दिली तर घेईनात, खालीच बसल्या. म्हणाल्या, "सिस्टर, खरं सांगा. म्या त्या दिशी सकाळी डिंकाचा लाडू चारला तिला. त्यानंच गेली का माझी लेक?"

ढोकीला सासरच्यांनी तसंच ठरवलंय. आईनं काहीबाही चारलं, म्हणून मेली. बाळ ते घेऊन गेले. ही नातवाला बघायला गेली तर सासऱ्यानं दारातूनच हाकलली. मला म्हणते, "त्यांचं बी बरुबर हाय. ती नगं म्हणत हुती, म्याच लई जबरदस्ती केली."

मी पाणी दिलं. चहा मागवते म्हटलं. सासरच्यांशी बोलते म्हटलं. ती बाई आपल्या उजव्या हाताकडं बघत म्हणाली, "ह्या हातानं चारला."

अर्पिता, मला नाही सहन झालं. मी सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हंजी लाडू न्हवता." मग तोंडात पदर कोंबून रडल्या. डोळे पुसल्यावर विचारलं, "कुणी टोचलं?" मी म्हटलं, एका पोरीवर अख्खा वॉर्ड सोडला होता, दवाखाना जबाबदार आहे, डॉक्टर जबाबदार आहेत.

"ते ऱ्हाऊ द्या. तिचं नाव काय?"

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, गावासकट.

त्यांना हे ऐकायचा हक्क होता आणि तुला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता. दोन्ही मला राखता आलं नाही. मी नुसती गप्प बसले असते तर तू वाचली असतीस, हे कळत होतं गं. कळूनच बोलले. घरी येऊन पोटभर रडले, पण त्याचा तुला काय उपयोग?

उद्या सकाळी त्या भावाला घेऊन पोलिसांकडं जाणार आहेत. डॉक्टरांना कुणकुण लागलीय. काल मला बोलावून म्हणाले, "चूक त्या पोरीची, तुम्ही कशाला मध्ये पडता?" म्हणजे सगळं तुझ्या एकटीवर ढकलायची तयारी झाली. मी जबाब देणार आहे. चूक तुझ्या हातून झाली, हे सांगेन. मी माणूस मागून मागून थकले आणि त्यांनी दिलं नाही, हेही सांगेन. मरणाचं कारण खोटं लिहिलं, हेही. नोकरी गेली तर जाऊ दे.

तू ये. लपून राहिलीस तर ते म्हणतील तेच खरं होईल. वकील मी बघते. मला शिव्या दे, तोंड बघू नकोस, पण ये. आणि नाही आलीस तरी मी बोलणार आहे.

पत्राखाली "तुझी" लिहायला हात धजत नाही.

अन्वरी