पहिल्या आंघोळीचं पाणी

यशोधन,
आईंना ॲम्ब्युलन्सने नेतायत, मी सोबत जातेय. ॲम्ब्युलन्स बोलावली आणि फोन बंद पडला. नोव्हेंबरात एवढा बर्फ, त्यात रात्रीपासून वीज नाही.

काल तू थट्टेत म्हणालास, पहिली आंघोळ झाल्याशिवाय फराळाला शिवणार नाही. त्यांनी ते खरं धरलं. तू नाइट शिफ्टवरून येशील म्हणून पहाटे बार्बेक्यूची कोळशाची शेगडी बाथरूममध्ये नेऊन पाणी तापवलं. वारा नको म्हणून खिडकी बंद केली, दाराच्या फटीत टॉवेल. मी उठले तेव्हा त्या तिथेच पडल्या होत्या. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती.

शेगडी मी बाहेर काढलीय. खिडकी लावू नकोस. रिकार्टन रोडवर गाड्या अडकल्यात, हॉस्पिटलला चालत ये.

तेल-उटणं त्यांनीच वाटीत काढलंय. पाणी कोमट असेल. आंघोळ करूनच ये. डोळे उघडले, तर पहिलं तेच विचारतील.

देवयानी