पट्ट्यांची पेटी

कोपर, डोंबिवली (पश्चिम)

ती. मारुतीदादांस,

मामेभाऊ विश्रामचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? कल्याणच्या घराचा जिना त्याला मानवत नाही, हे मी जाणतो. आम्ही इकडे मजेत, किंबहुना विजयी आहोत! (फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवरचं माझं बोलणं नीला स्वयंपाकघरातून ऐकते आणि मधेच दुरुस्त्या सुचवते.)

तर आपली पॅटर्नची पेटी! वागळे इस्टेटच्या कारखान्यात आपण टीव्ही जुळवायचो तेव्हाची, पडद्यावर रंगीत उभे पट्टे दाखवणारी आणि सोबत एकसुरात ‘कूंऽऽ’ वाजणारी. गेल्या सोमवारी नीलाने निर्वाणीचं सांगितलं, सोसायटीचा वर्धापनदिन झाला की माळ्यावरची पेटी भंगारवाल्याकडे जाणार. दादा, तीस वर्षं मी काय केलं, याचा घरात उरलेला तेवढाच पुरावा होता.

आणि नेमका वर्धापनदिनालाच चमत्कार झाला. सोसायटीने हॉलसाठी भिंतभर टीव्ही घेतलाय. त्यावर लॅपटॉपमधले जुने फोटो लावले, तर सगळे सभासद हिरवेनिळे! (सेक्रेटरी पंढरीभाऊ तर नुकतेच खाडीतून काढल्यासारखे.) दुकानाच्या मेकॅनिकने ‘पॅनल गेलंय’ म्हणून हात झटकले आणि टीव्ही उतरवायला घेतला. मी म्हटलं, थांबा. दोन मजले (या वयात!) धावत जाऊन पेटी आणली, टीव्हीमागे ॲन्टेनाच्या जागी वायर खुपसली, चॅनल शोधला आणि बटण दाबलं. कूंऽऽऽ! हॉल दणाणला. तिसऱ्या मजल्यावरच्या आवडाबाई आगीचा भोंगा समजून गॅस बंद करून, पर्स घेऊन खाली आल्या. पंढरीभाऊ ओरडले, “अहो काका, होता तेवढापण घालवलात!” पण मी पट्टे बघत होतो. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळट, आणि मग लाल. कसा लाल, अगदी कुंकवासारखा! म्हणजे टीव्ही ठणठणीत. लाल रंग अडत होता तो लॅपटॉपच्या वायरीत. वायर बदलली आणि पंढरीभाऊ माणसांत आले. टाळ्या काय, शिट्ट्या काय! नीला शेजारणीला सांगत होती, “आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलीय हो पेटी.” मला अगदी भरून आलं. भंगाराचा विषय त्या क्षणी संपला.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

आपला (विजयी) विश्राम

ता. क. : रविवारी हॉलमध्ये माझा सत्कार आहे. अध्यक्ष म्हणून (नीलाच्या सूचनेवरून) कमिटीने तुमचं नाव धरलंय.

आणखी एक ता. क. : आलात तर कृपा करून पेटी ओळखू नका. तुम्ही ती मला दोन दिवसांसाठी दिली होतीत, आणि मीच बनवली असं मी लग्न ठरतानाच नीलाला सांगून बसलोय. बुडाशी कोरलेल्या तुमच्या नावावर कागद चिकटवलाय.

ता. क. (हे अक्षर नीलाचं) : मारुतीदादा, तिकीट लावायला पाकीट माझ्याकडेच आलं. माळा दर दिवाळीला मीच झाडते, आणि तुमच्या नावावरची धूळही दर दिवाळीला मीच पुसते. कागद काढलाय. शाली दोन आणल्यात. ह्यांना काही बोलू नका, फक्त या.