राहिलेल्या तीन गोळ्या

आबा, काल मायची शुगरची एक गोळी खायची राहिली. संध्याकाळी पाकीट हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि आता दोन खाऊ का, म्हणाली. मी म्हटलं, "राहिली ती राहिली. उद्या वेळेवर एकच घे." तिने मान हलवली आणि वर म्हणाली, "तुना बापले इतलं बी समजनं नही." मी भाजी ढवळत राहिले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. ती हे अधूनमधून बोलते आणि मी दर वेळी काहीतरी ढवळत असते.

राहिलेली गोळी भरून काढावी असं तुम्हाला का वाटलं, ते मला ठाऊक आहे. कतारगामच्या कारखान्यात तुम्ही आयुष्यभर लूम चालवले. लाइट गेली, ताप आला, कापड कमी निघालं, की दुसऱ्या दिवशी जास्त थांबून कापडाचा ताका पुरा करून द्यायचात. राहिलेलं भरून द्यायचं, हा तुमचा कायदा. घरातही तोच. एक दिवस पाढे चुकवले तर दुसऱ्या दिवशी दोनदा म्हणून घ्यायचात. डिंडोलीच्या त्या दीड खोलीत मला आळस करायला जागाच नव्हती.

मग तुम्हाला शुगर निघाली आणि राज्य माझ्याकडे आलं. दर रविवारी मी सासरहून, बारडोलीहून यायचे आणि चपला काढायच्या आधी पाकीट मागायचे. गोळ्या शिल्लक दिसल्या की माझं तोंड सुटायचं. एकदा शेजाऱ्यांसमोर म्हटलं, "लहान मूल आहात का? पुढच्या रविवारी एक जरी शिल्लक दिसली, तर मी यायची बंद होईन." तुम्ही खाली बघत पाकिटाची कड अंगठ्याने सपाट करत बसलात. तो अंगठा मला अजून दिसतो, बसमध्ये, शाळेत फळ्यावर लिहिताना, कुठेही.

पुढच्या रविवारी मी पोचते तेव्हा तुम्ही पंख्याखाली आडवे आहात. सदरा घामाने भिजलाय. माय म्हणते, झोपलेत, तुझ्याबरोबर जेवायचं म्हणून सकाळपासून पोटात काही नाही. मी हलवते तर तुम्ही अर्धे डोळे उघडून मला मशीन बंद करायला सांगता. रिक्षात तुमचं डोकं माझ्या मांडीवर आहे आणि ते फार जड आहे.

तीन गोळ्या एकदम घेतल्यात, हे मी डॉक्टरांना लगेच सांगितलं. रिकामं पाकीट माझ्या हातातच होतं. ते म्हणाले, चुकलेली गोळी पुढच्या गोळीबरोबर घ्यायची नसते, आणि उपाशीपोटी तर हे फारच वाईट. साखर एकदम खाली जाते. मग त्यांनी विचारलं, असं करायला कोणी सांगितलं? मी म्हटलं, "कोणी नाही. ते कुणाचं ऐकत नाहीत." माय शेजारी उभी होती. तिने ते ऐकलं आणि तेच धरून बसली. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

पाकीट बघून मला कळलं, असं तिला वाटतं. पण आबा, त्या सकाळी तुमचा फोन आला होता. गॅलरीत उभे असणार तुम्ही, आवाज हळू होता. "बेटा, राहेल तीनी गोया एकसंगे खाई लिन्यात. आते एक बी बाकी नही. तू ये." आणि मी म्हटलं, "शाब्बास, आबा." मनापासून म्हटलं. मला बरं वाटलं, माझा धाक चालला म्हणून. मग मी निवांत केस धुतले आणि नेहमीची बस जाऊ दिली.

आज हे मायला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले. ती समोरच मेथी निवडते आहे. काय लिहितेस, असं दोनदा विचारून झालं तिचं. शाळेचं काम आहे, म्हटलं.