मसाल्याच्या बरणीतल्या गोळ्या

बिन महमूद, दोहा
बुधवार

प्रिय जोसेफीन,

तुझ्या प्रत्येक व्हॉइस मेसेजची सुरुवात एकच असते, की जोस्लीन, तू तिथे आहेस म्हणून माझ्या एल्टनला कुणीतरी आहे. हे आता थांबव. थोरली बहीण म्हणून मी तुला आयुष्यभर दटावलं, तसंच हे शेवटचं दटावणं समज. तुझे आभार ऐकले की मला दिवसभर अन्न जात नाही.

सोमवारी त्याला तुरुंगात भेटून आले. काचेपलीकडे बसतो, रिसीव्हर कानाला लावून बोलतो. वाळलाय, केस बारीक कापलेत, पण हसताना तुझ्यासारखीच मान तिरकी करतो. मम्मीला सांग मी नीट जेवतो, असं तीनदा म्हणाला. खरंच जेवत असता तर एकदाच म्हणाला असता.

पाच वर्षं का, असं तू विचारत असतेस. मला अरबी येत नाही. वकील अबूबकरसाहेबांनी निकाल हिंदीत समजावला तो असा. माणूस स्वतःच्या दुखण्याच्या गोळ्या चिठ्ठीसकट, पाकिटातून आणतो, तेव्हा कोर्ट कदाचित वेगळ्या नजरेने बघतं. पण इथे बंदी असलेल्या दीडशे सुट्या गोळ्या मसाल्याच्या बरणीत पुरलेल्या सापडल्या, म्हणजे लपवल्या. आणि आणणारा सव्वीस वर्षांचा धडधाकट मुलगा, म्हणजे विकायलाच आणल्या. म्हणून चोरून माल आणल्याचा गुन्हा लागला. आता अपिलात सरकारी वकिलाने शिक्षा वाढवून दहा वर्षं मागितली आहेत.

आपल्या वसईतून गल्फला जाणारा कधी नुसतं स्वतःचं सामान घेऊन निघतो का? कुणाची सुकेळी, कुणाची सुकट, कुणाचा वर्षाचा मसाला. बॅग काट्याला टांगायची, भरली जास्त की खोकी फाडायची आणि बरण्यांमध्ये कोंबायचं. एल्टन नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघाला त्या दिवशीही बॅग जास्त भरली. तू चर्चला गेली होतीस. बरणीत काय गेलं ते तुला ठाऊक नव्हतं, म्हणून पोराला वाईट संगत लागली असं तू फादरपुढे रडून सांगितलंस, आणि त्याचा फोन उचलणं बंद केलंस.

ती वाईट संगत म्हणजे मी. गोळ्या माझ्या होत्या. माझी पाठ तुला माहीत आहे. इथल्या डॉक्टरने ते औषध बंद केलं, पण वसईत जुन्या चिठ्ठीवर मिळत होतं, तेव्हा मी एल्टनला घेऊन यायला सांगितलं. मला कळत नव्हतं असंही नाही गं. मी क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते, अशा औषधांची यादी माझ्याच खुर्चीमागे लावलेली आहे, लॅमिनेशनसुद्धा मीच करून आणलं. बॅग भरलीय, काय करू, असं त्याने विचारलं, आणि मी हसत व्हॉइस मेसेज टाकला, की स्ट्रिपा काढून टाक, जागा खातात, मसाल्यात घाल, कोण उघडून बघतंय. तो बाहेर आला नाही तेव्हा मी विमानतळाच्या पार्किंगमध्ये होते. आधी तो मेसेज दोन्ही फोनमधून पुसला, मग तुझ्या भावोजींना, हॅरीला, फोन केला. या क्रमाची मला किळस येते.

पहिल्या भेटीत मी बोलायला तोंड उघडलं तर एल्टनच म्हणाला, खलास मावशी, पुरे, तुझं नाव मी घेतलेलं नाही, तुझ्या फियोनाचं दहावीचं वर्ष आहे. मी मान डोलावली. घरी येऊन जेवले. तेव्हापासून सात महिने माझाच आवाज मला ऐकू येतो. लिफ्टमध्ये, रुग्णाचं कार्ड शोधताना, माळेचे मणी ओढताना, स्ट्रिपा काढून टाक. हसत म्हटलेलं. मसाल्याचा वास तर क्लिनिकमध्येही येतो, शेजारच्या शैलजाला दोनदा विचारलं, तिला येत नाही.

काल अबूबकरसाहेबांना सगळं सांगितलं. जुनी चिठ्ठी, पाठीचे रिपोर्ट दिले. ते म्हणाले, मैडम, आप भी अंदर जाएँगी. मेसेज पुसल्याचं वेगळं कलम लागेल. एल्टन सुटेल असं नाही, पण हा धंदा नव्हता हे दिसलं तर त्याची शिक्षा उतरेल, इन्शाल्ला. अपील उद्या आहे. मी कोर्टात उभी राहणार आहे. हॅरी दुखानच्या तेलक्षेत्रावरून आलाय. माझा कोर्टात घालायचा ड्रेस त्याने इस्त्री करून ठेवला.

हॅरीला शिफ्टमुळे आठवडाभर दुखानलाच राहावं लागतं, पोरीला या फ्लॅटमध्ये एकटीला कशी ठेवू? म्हणून हे पत्र कुरिअरने न पाठवता फियोनाच्या हाती दिलंय. तू वाचते आहेस तेव्हा ती तुझ्या दारात बॅग घेऊन उभी असेल. तिला सगळं ठाऊक आहे, मीच सांगितलं. ती इंग्रजीत उत्तरं देईल, तो उद्धटपणा समजू नकोस, मराठी कळतं तिला. मी तुझा मुलगा आत घालवला आणि आता माझी मुलगी तुझ्याकडे पाठवते आहे, मला कुठल्या तोंडाने मागायचं तेही कळत नाही. माझ्याशी पुन्हा बोलू नकोस हवं तर. पण ती सकाळपासून उपाशी असेल, जोसेफीन. आधी तिला आत घे.

तुझीच, तू ठेवलंस तर,
जोस्लीन