खारवणाच्या लादीखालचं नाव

पेन्त्रेवेन, ११ मार्च १९६३

ती. इदवालदादास मेरेरिदचा सा. न. वि. वि.

बर्फ वितळला तशी दूधघराची जमीन खचली. गवंड्याने डुकराचं मांस खारवायची लादी उलटवली, तर खालच्या अंगाला लॅटिन अक्षरं: ब्रिगोमारुस येथे विसावला आहे. दादा, चर्चमधून चोरीला गेलेला तो हाच दगड. जुन्या पाद्र्यांनी काढून ठेवलेल्या चित्राशी चीर अन् चीर जुळते.

बाबांना विचारलं. लापशी खाता खाता म्हणाले की चर्च नव्याने बांधताना आजोबांनी तो आणला, सपाट होता, मिठाला बरा. स्वतः बाबांनीच एक टोक उचललं होतं. मग दरवर्षी ईस्टरआधीच्या फुलांच्या रविवारी, सगळा गाव थडगी चुन्याने रंगवून सजवतो तेव्हा, चर्चमध्ये उभं राहून एबेनेझर हॉपकिनला चोर का म्हणत होता, असं मी विचारलं. तर म्हणे ती चॅपलवाली माणसं, आपलं चर्च सोडून वेगळा पंथ धरलेली, नरकातच जायची. आणखी एका पापाने त्यांचं ओझं काय वाढतंय?

मेलेल्या माणसाच्या नावावर चाळीस वर्षं आपलं डुक्कर मुरत होतं आणि मी ते मिटक्या मारत खाल्लं. पण खरी बोच त्याची नाही. शाळेत तेग्वेन हॉपकिनला ‘दगडचोराची पोर’ म्हणून चिडवणाऱ्यांत मी पुढे होते. एबेनेझर ते नाव घेऊनच मेला. निदान तेग्वेनवरचं तरी पुसायला हवं. काय करू, ते लिही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो असू दे.

तुझी मेरेरिद

स्वान्सी, १५ मार्च

चि. मेरेरिद हिस अनेक आशीर्वाद.

न केलेली पापंसुद्धा कबूल करायची तुझी खोड कॉलेजात जाऊनही गेली नाही! बाबा शहाऐंशीचे आहेत. गावात त्यांची छीथू करून तुला काय मिळणार? दगड ओढ्यात लोटून दे. पुराने वर आला म्हणू. ओढा हॉपकिनांच्या शेताला लागून आहे. लोक समजायचं ते समजतील. मेलेल्या एबेनेझरला काय फरक पडतो?

तुझी वहिनी खोकल्याने बेजार आहे. प्रकृतीस जप, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

इदवाल

पेन्त्रेवेन, ८ एप्रिल

इदवालदादास नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या रात्री, बाबांच्या लाजेपायी गप्प बसावं असं मलाही वाटलं होतं. ते लपवत नाही.

काल फुलांचा रविवार होता. चर्चमध्ये बाबा नेहमीच्या जागी उठले, तेव्हा मीही उठले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक टोक उचललं होतं, हेही. बाबा काठी आपटत निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. दगड आज चर्चच्या दारात आहे.

काल चर्चमधून मी तशीच चॅपलच्या आवारात गेले. तेग्वेन एबेनेझरच्या थडग्याला चुना लावत होती. मी माफी मागितली. ती म्हणाली की मला काय सांगतेस, ज्याला सांगायचं तो खाली आहे. मग आणखी कोणाला माहीत होतं, असं तिने विचारलं. मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत केलं आणि नळावर जाऊन साबणाने हात धुतले. मनगटांवरचा चुना तसाच होता. तिने फक्त पत्राला लागलेली बोटं घासली.

तिच्यामागून मीही धुतले.

लोभ ठेवायचा की नाही, हे या वेळी तुझं तू ठरव.

मेरेरिद