आट्यांची अट

४ जून

चि. धाकटोबास,
आशीर्वाद, पण हात राखून.

तुझी लोखंडी पट्टी पोचली. बाबांचा लेथ हवा असेल तर हाताने टॅपचं हत्यार फिरवून चार भोकांत सरळ आटे पाडून दाखव, एवढीच माझी अट होती. चारही भोकांत लांब बोल्ट बसवून पट्टी टेबलावर ठेवली. चौघांची तोंडं चार दिशांना, वाटणीच्या दिवशी भाऊबंदांची असतात तशी. बँकेत तीस वर्षं शिक्के मारलेस, तोच जोर टॅपवर काढलास का? अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि पहिल्या दोन फेऱ्यांतच तो सरळ उभा आहे का ते डोळ्याने ओळखायचं. अकरा वर्षांची असताना मी काटकोन तपासायचा गुण्या मागितला, तर बाबांनी फूटपट्टीने बोटांवर हाणलं होतं. ज्याच्या डोळ्यात गुण्या नाही त्याने या धंद्यात पडू नये, म्हणाले. तू तेव्हा अंगणात गोट्या खेळत होतास.

महिनाअखेर बाबांची शेड रिकामी करायची आहे. तोवर जमलं नाही तर लेथ भंगारात जाईल.

लोभ तरी काटकोनात असू दे.
तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
कंबरेला झेपेल तेवढा साष्टांग नमस्कार.

दुसरी पट्टी पाठवतोय. गुण्या लाव, भिंग लाव, खोट सापडणार नाही. पण खरं सांगतो, मी ठोकळा वापरला. लोखंडी ठोकळ्यात ड्रिल मशीनवर सरळ भोक पाडलं आणि त्यातून टॅप घातला, मग तो बिचारा कलणार कुठे? बाबांनी मला कधी मारलं नाही, कारण शेडमध्ये कधी येऊच दिलं नाही. म्हणून तर तो लेथ हवाय गं.

माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटोबा

२१ जून

चि. धाकटोबास,
आशीर्वाद तूर्त बंद.

ठोकळा! कुबड्या घेऊन धावलास, आता हार घालू? कारखान्यात हाताखालच्या माणसांनी असले ठोकळे आणले की मी खिडकीबाहेर भिरकावायची. एका फिटरला तर त्यापायी गोदामात पोती मोजायला धाडलं. गुरुवारी भंगारवाला येतोय.

ताई

२७ जून

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद, मागच्या थकबाकीसह.

भंगारवाल्याला परत पाठवलं. लेथ हलवताना टेबलाचा अडकलेला खण निघाला. आत चिंधीत गुंडाळलेला ठोकळा होता, पाच मापांची पाच भोकं आणि वर बाबांच्या हातचे ठोकलेले आकडे. मधलं भोक तर टॅप जाऊन जाऊन सैल झालंय. आधी हसले, मग इतकी चिडले की तोही भिरकावायला उचलला. मग त्या फिटरचा चेहरा आठवला आणि ठोकळा खाली ठेवला. त्याचा पत्ता शोधते आहे.

लेथ तुझा. मंगळवारी टेम्पो येईल, पोचला की तेल दे. ठोकळा मात्र पाठवत नाही. तुझ्याकडे तुझा आहे. मला हा अकराव्या वर्षी हवा होता.

कललेला लोभ सरळ करून घे.
तुझी ताई